उसाला दार आहे, हळदीला नाही

हैदराबादच्या बेगम बाजारात हळदीचा भाव विचारला की दुकानदार आधी मोबाइलकडे बघतो. भाव त्याने ठरवलेला नसतो. निजामाबादच्या यार्डात सकाळी सौदे कसे निघाले, सांगलीची काय खबर आहे, वायद्यात तेजी आहे की मंदी, हे पाहून तो आकडा सांगतो आणि गिऱ्हाईक जुने असेल तर थोडा खाली येतो. दुसऱ्या निजामाच्या काळात हुमदा बेगमने व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसलेला हा बाजार आज मिरची, चिंच, सुकामेवा, किराणा, भांडी यांचे ठोक ठाणे आहे. गल्ल्या अरुंद, हमालांना आणि हातगाड्यांना वाट देत चालावे लागते. मिरचीच्या दुकानांसमोरून नवखा माणूस खोकल्यावाचून पुढे जात नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि नांदेड-देगलूर-उदगीरकडच्या दुकानदारांचा या शहराशी असलेला व्यवहार आजच्या राज्यसीमेपेक्षा जुना आहे.

या बाजारात शेतकरी तेवढा दिसत नाही. वसमतच्या किंवा आर्मूरच्या शिवारात शिजवलेले, वाळवलेले, पॉलिश केलेले हळकुंड इथवर येताना अडत्या, खरेदीदार, साठेवाला, ठोक व्यापारी असे चार हात तरी बदलते. २०२३ साली आवकेच्या महिन्यांत हळद क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास विकली गेली आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत वायद्यात दुपटीच्या पुढे पोचली. तोवर बहुतेक शेतकऱ्यांचा माल विकून झाला होता. मधल्या फरकाचा जाब कोणाला विचारायचा? अडत्या म्हणेल, मी फक्त सौदा लावून दिला. खरेदीदार म्हणेल, त्या दिवशी तोच भाव होता. बेगम बाजारातला दुकानदार म्हणेल, मी तर चढ्या भावानेच माल घेतला. आणि तिघेही खरेच बोलत असतील.

त्याच २०२३ साली या शहरातला एक पक्ष ‘अब की बार, किसान सरकार’ अशी घोषणा घेऊन महाराष्ट्रात उतरला होता. तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी तेलंगणा राष्ट्र समितीचे नाव बदलून भारत राष्ट्र समिती केले होते; ५ फेब्रुवारीला त्यांनी नांदेडला सभा घेतली. मग मार्चमध्ये लोहा, एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगर, जूनअखेर शेकडो गाड्यांचा ताफा घेऊन पंढरपूर. लोह्याचे माजी आमदार शंकरअण्णा धोंडगे, शेतकरी चळवळीतले माणिक कदम, पंढरपूरचे भगीरथ भालके अशी माणसे त्या पक्षात गेली. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे राजू शेट्टी यांनाही गळ घातली गेल्याच्या बातम्या होत्या. ते गेले नाहीत. डिसेंबरात तेलंगणातच ११९ पैकी ३९ जागांवर पक्ष आटोपला आणि महाराष्ट्रातला त्याचा बाजार उठला. बेगम बाजार ज्या गोशामहल मतदारसंघात येतो, तिथे २०१४, २०१८ आणि २०२३ या तिन्ही वेळा भाजपचा आमदार निवडून आला. २०१८ साली राव यांनी ८८ जागा जिंकल्या, भाजपला राज्यात एकच जागा मिळाली, आणि ती हीच होती. शेतकऱ्यांचे म्हणवणारे सरकार ज्या शहरातून चालत होते, तिथला शेतमालाचा हा बाजार त्याच्यामागे कधी गेलाच नाही.

शेतकरी नेता राजकारणात गेला की त्याचे काय होते, याची आपल्याकडे एक ठरलेली कथा आहे. आंदोलनात तो खरा असतो, निवडणुकीत बिघडतो; युतीच्या नादी लागतो, सहकारी फुटतात आणि शेवटी ना घर ना घाट. राजू शेट्टी यांच्याबद्दल गेली काही वर्षे हीच कथा सांगितली जाते. तिच्यात तथ्य नाही असे नाही. पण ती सगळे ओझे माणसाच्या स्वभावावर टाकते आणि पिकाकडे बघतच नाही. माझे म्हणणे असे की शेतकरी नेत्याची राजकीय उंची बरीचशी त्याचे पीक ठरवते. ते पीक कोण घेतो, कुठे घेतो, किती दिवसांत घेतो आणि त्याचा भाव कोणत्या कायद्याने बांधला आहे, यावर नेता किती वाढेल आणि कुठे थांबेल हे अवलंबून असते. ऊस नसता तर शेट्टी खासदार झाले नसते. आणि ऊस होता म्हणूनच हातकणंगले मतदारसंघाच्या पलीकडे त्यांना फार जाता आले नाही.

शेट्टी शिरोळ तालुक्यातले. कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी जमीन, लहान पण भिजणाऱ्या तुकड्यांचे मालक, बांधाला बांध लागून ऊस. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत ते घडले, जिल्हा परिषदेत गेले, आणि जोशींनी भाजपच्या आघाडीला साथ दिल्यावर २००४ मध्ये वेगळे होऊन त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. त्याच वर्षी शिरोळमधून अपक्ष आमदार झाले. २००९ मध्ये निवेदिता माने यांना हरवून लोकसभेत गेले. त्या काळी ‘एक नोट, एक व्होट’ ही घोषणा होती. लोक मत देत आणि वर पैसेही देत. निवडणुकीत उमेदवाराने मतदाराला पैसे वाटायचे ही जिथली रीत, तिथे उलटी गंगा वाहिली. हा नुसता भाबडेपणा नव्हता. टनामागे शंभर रुपये वाढवून मिळाले तर शंभर टनवाल्याच्या खात्यात दहा हजार जास्त येतात, हा हिशेब शिरोळच्या शेतकऱ्याला तोंडपाठ होता. त्यातली एक नोट ज्याने दर वाढवून दिला त्याला देणे त्याला जड नव्हते.

हा हिशेब उसातच का जमला? ऊस तोडला की त्याचे वजन आणि उतारा तासातासाने घसरतो. तो घरात ठेवून भावाची वाट बघता येत नाही. कोणी म्हणेल, ही तर शेतकऱ्याची दुबळी बाजू. पण कारखान्याचीही तीच अडचण आहे. गव्हाणीत मोळी पडली की गाळप अखंड चालले पाहिजे. तोडणीच्या टोळ्यांना उचल दिलेली, कर्जाचे व्याज चालू, हंगाम चार-पाच महिन्यांचा. ऊसतोड आठ दिवस थांबली तर दोघेही रडकुंडीला येतात, आणि कारखान्याचा चेअरमन आधी येतो, कारण शेतकऱ्याचा ऊस निदान शेतात उभा असतो. म्हणून जयसिंगपूरची ऊस परिषद दर वर्षी हंगामाच्या तोंडावर भरते, आणि पहिली उचल, म्हणजे दराचा पहिला हप्ता, किती हे ठरल्याशिवाय कोयता लागू द्यायचा नाही, ही शेट्टींची साधी, जुनी, खणखणीत चाल आहे.

शिवाय ऊस घेणारा कोण, हे प्रत्येकाला ठाऊक असते. त्याला फाटक आहे, वजनकाटा आहे, चिमणी आहे, चेअरमनचे नाव पाटीवर आहे. महाराष्ट्रात दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटरचे हवाई अंतर ठेवावे लागते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी गावाचा कारखाना ठरल्यासारखा असतो. भावाला कायद्याचा आधार आहे: १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश, २००९ पासून त्यातली एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन, न दिल्यास पंधरा टक्के व्याज, आणि थकबाकी राहिली तर साखर आयुक्तांच्या आदेशाने महसुली वसुली. २०२४-२५ च्या हंगामात सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये हा दर दिल्लीहून छापून आला होता. दुसऱ्या कोणत्या पिकाच्या शेतकऱ्याला आपले येणे असे कागदावर दाखवता येते?

आणि सर्वांत मोठी गोष्ट, उसाचा खरेदीदारच निवडणुकीला उभा राहतो. २०१४ मध्ये शेट्टींनी ज्यांना पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी पाडले, ते कल्लाप्पाण्णा आवाडे हे हुपरीच्या जवाहर कारखान्याचे संस्थापक. हातकणंगल्याच्या मतदाराला त्या दिवशी उसाचा हिशेब मतपत्रिकेवरच मांडलेला मिळाला. दराचे भांडण आणि सत्तेचे भांडण इथे एकाच माणसाशी होते, म्हणून आंदोलनातून पक्षात जायला शेट्टींना उडी मारावी लागली नाही. फाटकावरून मतदान केंद्र दिसतच होते. त्याच निवडणुकीत त्यांचे तेव्हाचे सहकारी सदाभाऊ खोत माढ्यात विजयसिंह मोहिते-पाटलांना जेरीस आणून थोडक्यात हरले. माढाही उसाचाच पट्टा आहे आणि मोहिते-पाटीलही कारखानदारच. संघटनेचे दुसरे यश दुधातले. जुलै २०१८ मध्ये दूध रोखून लिटरला पंचवीस रुपयांचा दर त्यांनी सरकारकडून कबूल करून घेतला. दुधाचेही तेच आहे: नासणारा माल, ठरलेला संघ, रोजचा टँकर. जिथे घेणाऱ्याला दार आहे आणि माल थांबू शकत नाही, तिथे ही माणसे जिंकली.

याची किंमतही उसाच्याच पट्ट्याने मोजली. नोव्हेंबर २०१२ च्या आंदोलनात दोन शेतकऱ्यांचे जीव गेले. ऊसदर नियंत्रणाचा राज्याचा कायदा २०१३ मध्ये आला, साखरेच्या उत्पन्नात शेतकऱ्याचा वाटा किती याचे सूत्र कागदावर आले, ते या दबावाशिवाय आले नसते. कारखानदारांच्या मर्जीवर चालणारा दर हिशेबावर आला, हे शेट्टींचे ऐतिहासिक काम आहे, आणि त्यांच्या पडत्या काळात त्यांची थट्टा करणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण यशानेच पुढची अडचण केली. एफआरपी हा आता हक्क आहे. तो मागायला नेता लागत नाही, वकील लागतो. कोल्हापूर-सांगलीत कारखाने दाटीने आहेत, सीमेपलीकडे कर्नाटकातले कारखाने ऊस ओढायला बसलेले आहेत, उतारा चांगला आहे. स्पर्धेनेच दर वर राहतो. मग आंदोलनाची मागणी ‘एफआरपी अधिक काहीतरी’ एवढी उरते. २०२३ मध्ये शेट्टींनी ५२२ किलोमीटरची आक्रोश पदयात्रा काढली, आदल्या हंगामाचे टनामागे ४०० रुपये मागितले आणि नोव्हेंबरात पुणे-बंगळूर महामार्ग रोखला. हाती आले पन्नास आणि शंभर: तीन हजारांच्या खाली दर दिलेल्या कारखान्यांकडून शंभर, वर दिलेल्यांकडून पन्नास. पाचशे किलोमीटरच्या पायपिटीपुढे हा आकडा लहान दिसतो. एका शेतकऱ्याच्या हिशेबात तो तितका लहान नाही, पण खासदारकी देण्याइतका मोठाही नाही.

युत्यांचा दोष इथे येतो, आणि तो मी झाकणार नाही. २०१४ ला भाजपबरोबर, खोतांना २०१६ मध्ये कृषी राज्यमंत्रिपद, २०१७ मध्ये पुणे ते मुंबई आत्मक्लेश यात्रा, खोतांची हकालपट्टी आणि युतीला रामराम. २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर, म्हणजे ज्या चेअरमनांच्या फाटकावर आयुष्य गेले त्यांच्याच मांडीला मांडी. एप्रिल २०२२ मध्ये महाविकास आघाडीलाही रामराम. २०१९ मध्ये धैर्यशील माने यांनी त्यांना शहाण्णव हजारांवर मतांनी हरवले. त्या निवडणुकीत उमेदवारांच्या जातीची उघड चर्चा झाली, मोदींची लाट होती, वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने सव्वा लाखाच्या आसपास मते घेतली. ही सगळी कारणे खरी आहेत. तरी मला सर्वांत बोलके वाटते ते हे की या वेळी समोर माने होते, आणि माने हे कोणत्याही कारखान्याचे फाटक नव्हते. ऊस उत्पादक म्हणून मत द्यायला मतदाराला समोर कोणी उरलेच नव्हते. मग त्याने हिंदू म्हणून, मराठा म्हणून, देशभक्त म्हणून, आणखी कशाकशाने मत दिले. २०२४ मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाने मशाल चिन्हावर लढण्याचा आग्रह धरला, तो शेट्टींनी नाकारला आणि एकटे लढून एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास मतांवर तिसरे आले. पहिल्या दोघांतले अंतर सुमारे साडेतेरा हजारांचे होते. त्यांचे मत निर्णायक ठरले, त्यांना निवडून देण्याइतके उरले नाही.

शरद जोशींकडे याच नजरेने पाहिले तर त्यांचेही कोडे थोडे सुटते. संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून आलेला हा माणूस चाकणच्या कांद्यापासून निपाणीच्या तंबाखूपर्यंत आणि नाशिकच्या उसापर्यंत गेला. त्यांचे सर्वांत रुंद बळ विदर्भातल्या कापसात होते, आणि त्या कापसाला त्या काळी दार होते: १९७२ पासून चाललेली राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी योजना. घेणारा एकच, तो म्हणजे सरकार, आणि चुकारे थकले की मोर्चा कुठे न्यायचा हे लहान मुलालाही कळत होते. जोशींना खुला बाजार हवा होता. नव्या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार मोडला, व्यापारी मोकळे झाले, आणि जोशींच्या संघटनेला ज्या फाटकावर ठिय्या देता येत होता ते फाटकच गेले. (एकाधिकार खरेदी चांगली होती असे मी म्हणत नाही, तिने कापूसवाल्यांना पुष्कळ छळले.) १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, त्याला जनाधार मिळाला नाही. २००४ मध्ये ते राज्यसभेत गेले ते शिवसेना-भाजपच्या मतांवर. अर्थविचार म्हणून जोशी बरोबर होते की नाही हा वाद चालू राहील. राजकारण म्हणून त्यांनी आपल्या पायाखालची फळी स्वतःच काढायला सांगितली, हे मला स्पष्ट दिसते.

तेलंगणात याचा दुसरा नमुना आहे. नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या बोधनला निजामाच्या काळात उभा राहिलेला साखर कारखाना एकेकाळी आशियातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जाई. २००२ मध्ये तो खासगी हातांत गेला आणि डिसेंबर २०१५ मध्ये बंद पडला. नव्या राज्याचे पहिले सरकार तो पुन्हा चालवण्याचे आश्वासन देऊनच आले होते. कारखाना गेला तसा त्या पट्ट्यातला ऊसही आटला, आणि ज्या दारात संघटना उभी राहू शकली असती ते दारही. उरली हळद आणि लाल ज्वारी. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत निजामाबादच्या या शेतकऱ्यांनी जे केले ते क्वचितच घडते: १७८ शेतकऱ्यांनी उमेदवारी अर्ज ठेवले, एकूण उमेदवार १८५ झाले, आणि निवडणूक आयोगाला एकेका केंद्रावर यंत्रांची रांग लावावी लागली. मोर्चाला फाटक सापडत नव्हते, म्हणून त्यांनी मतपत्रिकेलाच फाटक बनवले. मुख्यमंत्री राव यांच्या कन्या कविता पडल्या. निवडून आले ते भाजपचे धर्मपुरी अरविंद, हळद मंडळ आणीन असे बाँडपेपरवर लिहून देणारे.

मंडळ आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये घोषणा, जानेवारी २०२५ मध्ये उद्घाटन, मुख्यालय निजामाबादलाच. ते संशोधन करील, निर्यातीला मदत करील, दर्जा सुधारील. यातले काहीच टाकाऊ नाही. पण शेतकऱ्याने मागितला होता भाव, आणि मिळाले कार्यालय. हळदीला हमीभाव त्या आधी नव्हता, आजही नाही. आणि त्या १७८ जणांतून एकही नेता वर आला नाही. नेता घडायला जिंकता येईल अशी एक लहान लढाई दर हंगामाला लागते. उसात ती पहिल्या उचलीच्या रूपाने दर ऑक्टोबरात मिळते. हळदीत ती मिळतच नाही.

राव यांनी यावर तोडगा काढला होता, आणि तो हुशारीचा होता. बाजाराशी भांडायचेच नाही. मे २०१८ पासून रयतु बंधू योजनेखाली एकरी चार हजार, पुढे पाच हजार रुपये दर हंगामाला थेट खात्यात, शेतकऱ्याचा विमा, शेतीला चोवीस तास मोफत वीज. बेगम बाजारातल्या एकाही दुकानदाराला याने धक्का लागला नाही, आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. कूळ-बटईने कसणारा मात्र वगळला गेला आणि शंभर एकरवाल्यालाही एकराच्या मापाने पैसे गेले. हे महाराष्ट्रातल्या सभांत सांगितले जात नसे. नांदेड-लोह्याच्या सभांना लोक आले ते या रकमेच्या ओढीने, आणि त्यात वावगे काही नव्हते. फक्त खात्यात येणाऱ्या पैशाला नेता चिकटून राहत नाही. देणारा बदलला तरी पैसा येतो. २०२५ पासून काँग्रेसचे सरकार हीच मदत रयतु भरोसा या नावाने एकरी वर्षाला बारा हजार देते आहे. भाव मिळवून दिलेल्या माणसाला शेतकरी वीस वर्षे ओळखतो. अनुदान देणाऱ्याला तो पुढच्या निवडणुकीपर्यंत ओळखतो.

माझ्या म्हणण्याला छेद देणारे एक उदाहरण आहे, ते टाळता येणार नाही. बुलढाण्यात रविकांत तुपकर यांनी २०२४ ची लोकसभा अपक्ष लढवून अडीच लाखांच्या घरात मते घेतली. त्यांचे पीक सोयाबीन आणि कापूस, दोन्ही बिनदाराची. मग ही मते कुठून आली? तुपकरांनी आपले फाटक शोधून काढले होते, ते पीकविमा कंपनीचे. भावाचा शत्रू सापडत नाही, पण विम्याचा दावा नाकारणारी कंपनी सापडते. तिला मुदत असते, करार असतो, जिल्हाधिकाऱ्यांकडे तिची यादी असते. हीच गोष्ट कर्जमाफीची. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंनी नागपूरला जो मोर्चा नेला, त्यात शेट्टी, तुपकर, अजित नवले हे वेगवेगळ्या झेंड्यांचे लोक एकत्र दिसले, कारण कर्जाच्या प्रश्नाला एकच दार आहे आणि ते मंत्रालयाचे आहे. भावाच्या प्रश्नावर हीच माणसे एकत्र आली तर उसवाल्याला साखरेचा भाव चढा हवा असेल, दूधवाल्याला पेंड स्वस्त हवी असेल, आणि सोयाबीनवाल्याला पेंडीचा भाव वर. शेतकरी हा एक वर्ग आहे असे व्यासपीठावरून बोलता येते. मंडईत तसे दिसत नाही.

पंजाबातही आंदोलनातली एकजूट मतपेटीपर्यंत पोचली नाही. तीन कृषी कायदे मागे घ्यायला लावणाऱ्या आंदोलनातून बलबीरसिंग राजेवाल यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त समाज मोर्चा निघाला आणि काही महिन्यांत, फेब्रुवारी २०२२ च्या विधानसभेत, त्याला एकही जागा मिळाली नाही. दिल्लीच्या सीमेवर दार होते; लुधियानाच्या मतदारसंघात नव्हते.

तेव्हा शेट्टींनी निवडणुका लढवायला नको होत्या, असा निष्कर्ष कोणी काढील. मला तो पटत नाही. लोकसभेत होते म्हणूनच २०१८ मध्ये त्यांना कर्जमुक्तीचे आणि हमीभावाच्या हक्काचे अशी दोन खासगी विधेयके मांडता आली, आणि वीसहून अधिक पक्षांना त्यामागे नाव लावावे लागले. हमीभावाचे ते विधेयक मंजूर झाले असते तर इतर पिकांनाही उसासारखा कायद्याने बांधलेला भाव मागता आला असता. माझ्या मते शेट्टींच्या सगळ्या कारकिर्दीतला तो एकमेव क्षण होता, जेव्हा ते ऊस-दुधाच्या बाहेर आले. ते विधेयक चर्चेलाही नीट आले नाही. त्यानंतर महाराष्ट्रात त्यावर मोहीम उभी राहायला हवी होती: नांदेड, हिंगोली, बुलढाण्यात, तालुक्यातालुक्याला. तसे झाले नाही. पुढल्या ऑक्टोबरात पुन्हा जयसिंगपूर, पुन्हा पहिली उचल. त्यांना दोष द्यायचाच तर मी युत्यांपेक्षा याचा देईन.

खासदारकी गेल्यावर त्यांचे सर्वांत भरीव काम कोर्टात झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली होती. शेट्टी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द ठरवला. कायद्यात चौदा दिवस लिहिले होते, म्हणून निवडणूक हरलेला माणूस सरकारविरुद्ध जिंकू शकला, आणि तो निकाल त्यांना मत न दिलेल्या ऊसवाल्यांच्याही कामी आला. वसमतच्या किंवा आर्मूरच्या हळदवाल्याला असा दावा लावता येत नाही. त्याच्या मालाबाबत सरकारने किंवा व्यापाऱ्याने मोडावा असा भावाचा कायदाच अजून झालेला नाही.